माजी सैनिकाचे ओळखपत्र दाखवून टोल माफ होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील लष्करातून निवृत्त झालेले, नागपुरात राहतात, दर आठवड्याला कारने हिंगणघाटला जातात. बोरखेडी नाक्यावर माजी सैनिकाचे ओळखपत्र दाखवूनही पैसे कटतात. हे बरोबर आहे का, आणि न्यूयॉर्कसारख्या शहरांत गर्दीच्या भागात शिरण्याचा टोल माजी सैनिकांना माफ असतो का?

पैसे कटणे नियमाप्रमाणेच आहे. १९०१ चा लष्कर आणि हवाई दलासाठीचा टोल कायदा (पुढे नौदलालाही लागू झालेला) सेवेत असलेल्यांसाठी आहे. निवृत्तांना तो लागू नाही, सेनेने दिलेले ओळखपत्र जवळ असले तरी नाही, हे महामार्ग प्राधिकरणाने स्पष्ट केलेले आहे. काचेवर ‘आर्मी’ किंवा ‘एक्स-सर्व्हिसमन’ लिहिल्याने काहीच बदलत नाही. त्यासाठी नाक्यावरच्या पोरांशी हुज्जत घालू नका, माफी देण्याचा अधिकार त्यांच्या हातात नसतो.

नाक्यावर नेमके काय होते ते पाहा. गाडी लेनमध्ये शिरली की वरचा रीडर काचेवरचा फास्टॅग वाचतो. तुम्ही काच खाली करून कार्ड पुढे करेपर्यंत व्यवहार झालेला असतो, मोबाईलवर मेसेजही येतो. म्हणून ज्यांना खरोखर माफी आहे त्यांनीही ती आधीच टॅगमध्ये नोंदवून घ्यावी.

अशी माफी कोणाला? २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांतील नियम ११ मध्ये परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र, कीर्ती चक्र, वीर चक्र आणि शौर्य चक्र मिळालेल्यांची नावे आहेत. त्यांच्याकडे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले फोटो ओळखपत्र हवे. सेना पदक या यादीत नाही, इथे बऱ्याच जणांची गफलत होते. दुसरी माफी दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वाहनाला आहे. सेवेत पाय गमावलेल्या जवानाला हा मार्ग उपयोगाचा, पण गाडीतला बदल आरटीओकडून मंजूर होऊन आरसीवर तशी नोंद असली पाहिजे. नुसते अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाक्यावर चालत नाही. दोन्ही बाबतींत आरसी आणि ओळखपत्र जोडून प्राधिकरणाच्या पोर्टलवर ‘एक्झेम्प्टेड फास्टॅग’साठी अर्ज करायचा. हा टॅग त्या एका गाडीपुरताच असतो.

वडील यांपैकी कशात बसत नसतील, तर वार्षिक पास घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३,००० रुपयांना सुरू झाला. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. पासचा दर एप्रिलमध्ये बदलू शकतो, म्हणून भरताना ॲपवरचा आकडा पाहा. बोरखेडी एकदा ओलांडली की एक फेरी, परतताना दुसरी. आठवड्याला एकदा जाऊन येणे म्हणजे वर्षाला १०४, म्हणजे पुष्कळ शिल्लक राहतात. पास फक्त ‘राजमार्गयात्रा’ ॲपवरून किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घ्या. टॅग काचेला चिकटवलेला हवा आणि गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेला हवा. नवी गाडी घेताना चेसिस नंबरवर काढलेला टॅग तसाच राहिला असेल, तर पास मिळत नाही. आधी बँकेकडून क्रमांक अपडेट करून घ्या.

मात्र हा पास समृद्धी महामार्गावर चालत नाही. तो राज्य रस्ते विकास महामंडळाचा रस्ता, तिथे टॅगमधून नेहमीसारखेच पैसे जातात.

पास नसेल, तर २४ तासांच्या आत परतल्यास जाण्या-येण्याचे मिळून दीडपटच लागतात. वडील हिंगणघाटला २४ तासांपेक्षा जास्त मुक्काम करत असतील, तर ही सवलत हातची जाते. टॅगमध्ये शिल्लक ठेवा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट भरावे लागतात. चुकून जास्त कटले, तर मेसेज, नाक्याचे नाव आणि वेळ हाताशी ठेवून १०३३ ला फोन करा किंवा टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवा.

आता न्यूयॉर्क. तिथे ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरणाऱ्या कारला गर्दीच्या वेळी ९ डॉलर लागतात. केवळ माजी सैनिक म्हणून सरसकट माफी तिथेही नाही. अपंगत्वामुळे प्रवास अवघड असलेल्यांना सूट आहे आणि कमी उत्पन्न असलेल्यांना महिन्यातल्या पहिल्या १० फेऱ्यांनंतर निम्मा दर. लंडनमध्येही अपंगांच्या ‘ब्लू बॅज’वर सूट मिळते. मला हा निकष योग्य वाटतो. ज्याचे शरीर सेवेत खर्ची पडले, त्याला बस किंवा मेट्रोत चढणे खरोखर अवघड असते. नागपुरात असा शहर-टोल नाहीच, भारतातल्या कुठल्याही शहरात तो अजून लागू झालेला नाही.

वडिलांसाठी पैशांचा खरा दिलासा घरपट्टीत आहे. राज्याने २०२० मध्ये माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना एका घराचा मालमत्ता कर माफ केला. अर्जाला काय जोडायचे ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जाताना डिस्चार्ज बुक, ओळखपत्र आणि करपावती घेऊन जा.