स्पोर्ट्स कारला ड्रिल न मारता स्टिकरची नंबरप्लेट लावली तर चालते का? आणि कशी लावायची?

तुम्ही लिहिलंय की २०१४ची टू-सीटर मुंबईहून सेकंडहँड घेतली, पुढच्या बंपरला भोक पाडायला जीव होत नाही, आणि युट्यूबवर इंग्लंडमधले लोक डायरेक्ट स्टिकर मारतात तसा आपण मारला तर काय होईल. मी कुडाळला रेडियमचं काम करतो, अठरा वर्षं झाली, म्हणजे स्टिकर विकणं हाच माझा धंदा, तरी सांगतो की नंबरचा स्टिकर मारू नका. माझ्याकडे आलात तरी मी करून देणार नाही.

आधी ते इंग्लंडचं. तिकडे ते बेकायदेशीर नाही, पण त्याचा पण नियम आहे. पुढची प्लेट पांढरी, मागची पिवळी, दोन्ही रिफ्लेक्ट होणाऱ्या, आणि १ सप्टेंबर २०२१ नंतर बसवलेल्या नव्या प्लेटवर बीएस एयू १४५ई हे स्टँडर्ड छापलेलं लागतं, स्टिकर असला तरी. आणि तिकडे ही पद्धत पडली त्याला कारण आहे. जुनी जॅग्वार ई-टाइप बघा, पुढचं सगळं नाक म्हणजे एकच लांबलचक पत्र्याचं बॉनेट, मधे बंपर पण नाही, तिथे प्लेट टांगणार कुठे? आणि पत्र्याला भोक म्हणजे गंजाला आमंत्रण. म्हणून चिकटवायचे. तुमच्या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचा आहे हो. प्लॅस्टिकला भोक पाडलं तर गंजणार काय? उद्या प्लेट काढली तर दहा रुपयाची रबरी बुच्चं लावायची, झालं. बॉनेटला मात्र कोणी ड्रिल लावत असेल तर त्याचा हात धरा, आपली खारी हवा दोन पावसाळ्यात तिथून पत्रा खाते.

आता आपल्याकडचं. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे तिला एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लावून घ्यावीच लागणार. ती प्लेट म्हणजे १ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियम, डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला दहा आकडी नंबर, अक्षरं उठावाची, आणि बसवायची ती स्नॅप लॉकने, जो एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही. ह्यातलं माझ्या कटिंग मशीनवर काहीही होत नाही. लोक येतात, "फक्त आयएनडी आणि चक्राचा स्टिकर मारून द्या, कोण बघतंय", त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. कारचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी, एवढ्यात खरी मिळते, मग खोटी कशाला?

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलात तर १५००. ते परवडेल तुम्हाला, स्पोर्ट्स कार घेतलीत म्हणजे. पण तुमची सेकंडहँड आहे ना, नाव बदललंय का? एचएसआरपी नसेल तर आरटीओत मालकी बदल, पत्ता बदल, कर्जाचा बोजा उतरवणं, ही कामं अडतात. तिथे पैसे टाकून सुटका नाही.

गंमत म्हणजे सरकारला पण एक स्टिकर हवा असतोच! तो पुढच्या काचेवर आतून डावीकडे वर लावतात, पेट्रोलला फिका निळा, डिझेलला केशरी, आणि काढायला गेलात तर फाटून जातो. तेवढीच तुमची स्टिकरची हौस.

माझा पण एक किस्सा सांगतो. एचएसआरपीच्या आधीचे दिवस, गणपतीला आलेल्या एका मुंबईकराच्या लाल गाडीला मी बंपरच्या गोलाईवर नंबर मारून दिलेला, काम मस्त झालं, मीच फोटो काढून ठेवला. वडील तेव्हा दुकानात बसायचे, ते बघून म्हणाले, "मेल्या, ह्यो काय बारशाचो बोर्ड आसा? बाजूसून आकडो तरी वाचता येता काय?" मला राग आला, पण बाजूला जाऊन बघितलं तर खरंच, वळणावर ८ चा ३ दिसत होता. तेव्हा रस्त्यावर कॅमेरे नव्हते म्हणून चाललं, आज असा आकडा वाचून चलान भलत्याच माणसाच्या घरी जाईल, किंवा त्याचं तुमच्याकडे. पुढच्या मे महिन्यात तोच माणूस परत आला, उन्हाने कडा उलटलेल्या, त्यात लाल माती भरलेली, आणि काढला तर खाली नंबरचं भूत! आजूबाजूचा लाल रंग फिका झालेला आणि अक्षरांखालचा तसाच ताजा. पॉलिश मारून मारून हात दुखले पण पूर्ण नाही गेलं. पैसे मी घेतले नाहीत.

मग करायचं काय? बंपरवर एका बाजूला छोटं चौकोनी झाकण असेल, ते काढलं की आत टो हुकचं, म्हणजे गाडी ओढायच्या हुकचं, आट्याचं होल असतं. त्यात बसणारा ब्रॅकेट मिळतो, नाहीतर फॅब्रिकेटरकडून बनवून घ्या, काही गाड्यांना उलटे आटे असतात ते आधी फिरवून बघा नाहीतर जोर लावून आटेच मोडाल. दुसरा उपाय म्हणजे खालच्या जाळीच्या मागे ॲल्युमिनियमची पट्टी देऊन जाळीतून बोल्ट काढायचे. प्लेट ब्रॅकेटवर स्नॅप लॉकने बसते, ब्रॅकेट गाडीला बोल्टने, बंपरला एकही भोक नाही. माप ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २००, तुमच्या गाडीला कुठल्या मापाची येते ते बघून मगच ब्रॅकेट करा, आणि प्लेट बसवायच्या अपॉइंटमेंटच्या आधी करून न्या, तिथला पोरगा तुमच्यासाठी डोकं चालवत बसणार नाही, सरळ ड्रिल काढेल. प्लेटने रेडिएटरची हवा अडवू नका, मे महिन्यात आंबोली घाट चढताना इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघत बसाल. आणि फार खाली पण नको, पावसात हायवेला साचलेल्या पाण्यातून गेलात की पाण्याचा दाब प्लेट उपटून नेतो. नुसत्या डबल टेपवर लावलेली तर गेलीच समजा. चांगल्यातली चांगली व्हीएचबी टेप (एकदम कडक धरणारी डबल टेप) पण पूर्ण धरायला ७२ तास घेते, ते पण चिकटवायची जागा कोरडी असेल तर, आणि आपल्याकडे जूनमध्ये कोरडं काय असतं, सांगा.

नंबर सोडून बाकी पट्टे, नाव, काय हवं ते आणा, प्रेमाने मारून देतो. फक्त येताना गाडीला वॅक्स किंवा कोटिंग मारून आणू नका, स्टिकर बसत नाही, मला अर्धा तास आयपीएने, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलने, पुसत बसावं लागतं. आणि सकाळी लवकर या, दुपारी तापलेल्या पत्र्यावर फिल्म ताणली जाते.