एकटं राहणं एन्जॉय करायला कसं शिकायचं?

एकटं असलं की अस्वस्थ वाटतं, हे नॉर्मल आहे का असं विचारलंय तुम्ही. अगदी नॉर्मल आहे. २०१४ साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन यांच्या टीमचा एक अभ्यास आला होता, लोकांना १५ मिनिटं खोलीत नुसतं विचार करत बसायला सांगितलं, सोबत एक बटण, दाबलं की विजेचा झटका, तर १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी तो स्वतःहून घेतला! म्हणजे हे भल्याभल्यांना जड जातं.

माझ्या मते डोळे मिटून बसण्यापेक्षा आधी हाताला काहीतरी काम द्या, चित्र काढा, कपाट आवरा, नाहीतर फोन घरी ठेवून चालायला जा. सुरुवातीला हात आपोआप खिशाकडे जातो, जुनी भांडणं आठवतात, तेव्हा आपण काय बोलायला हवं होतं वगैरे, येऊ द्या ते सगळं, हळूहळू तो गोंगाट ओसरतो आणि मग आपल्याला खरंच काय हवंय ते कळायला लागतं. फक्त माणसं टाळायची म्हणून एकटे बसत असाल आणि मन सतत उदास असेल तर मात्र जवळच्या कोणाशी तरी बोला, प्लीज.