नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेली बहीण गप्पगप्प असते, घराबाहेर पडत नाही. तिला बोलतं करावं का?

तुम्ही लिहिलंय की मामेबहीण अडीच महिन्यांपासून ऐरोलीला तुमच्याकडे आहे, मध्यरात्रीपर्यंत ओटा घासत बसते, झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढत नाही, स्टेशनचं नाव काढलं की तिला घाम फुटतो. आई म्हणते तिला बोलतं करा, भाऊ म्हणतो हाताला धरून बाहेर काढा. माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

खोदून विचारल्याने मन हलकं होतंच असं नाही. दबावाखाली सगळं पुन्हा सांगावं लागलं की रात्री दचकून जाग येणं, तेच प्रसंग डोळ्यांपुढे येणं उलट वाढू शकतं. "वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. यात तुझा दोष नाही," एवढं एकदा म्हणा आणि विषय बदला. ओटा घासू द्या. त्या घरात गप्प राहून, पावलांच्या आवाजाचा अंदाज घेत, हात कामात ठेवूनच तिने दिवस काढलेत. जप, पारायण करत असेल तर तेही चालू दे. फक्त "माझ्याच प्रारब्धाचे भोग" सुरू झालं की मान डोलावू नका. स्वतःला दोष देत राहण्याने नैराश्य बळावतं.

आता स्टेशन. तिची भीती खरी आहे की मागे उरलेली, हे आधी ठरवा. नवरा अजून माग काढतोय का, धमक्या येतात का, पूर्वी कधी गळा दाबला होता का? एवढे तीन प्रश्न मात्र विचारावेच लागतात. घर सोडताना आणि त्यानंतरचे काही महिने बाईला धोका फार असतो. गळा दाबल्याचा प्रकार झाला असेल तर जिवावर बेतण्याची शक्यता कितीतरी वाढते. तसं असेल तर तिचं घरात बसणं हा आजार नव्हे, शहाणपण आहे. मग आधी कायदा: १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत घटनेचा अहवाल, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण आदेशाचा अर्ज. धमक्यांचे मेसेज खोडू नका. तिच्या फोनचं लोकेशन शेअरिंग बंद करा, पासवर्ड बदला. ऐनवेळी पोलिसांच्या मदतीसाठी ११२.

धोका खरंच टळला असेल, तर टाळण्यानेच भीती पोसली जाते. दर वेळी स्टेशन चुकवलं की सुटल्यासारखं वाटतं आणि मेंदू शिकतो, 'गेले नाही म्हणून वाचले.' ते पायरीपायरीने मोडायचं. आधी भर दुपारी नुसतं फलाटावर बसायचं (फलाट तिकीट काढून!). भीती दहापैकी सात असेल तर निम्म्यावर येईपर्यंत उठायचं नाही. काही दिवस एवढंच. मग तुमच्यासोबत दिघा गावपर्यंत एकच स्टेशन, मग ठाणे, शेवटी महिलांच्या डब्यात ती एकटी. घोळ दोन ठिकाणी होतो: भीती शिगेला असतानाच तिला घरी आणलं जातं, किंवा पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या गर्दीत लोटलं जातं. पुढची पायरी कधी, हे तिने ठरवायचं. ती सुन्न झाली, हाक ऐकेना, तर थांबा. पाय जमिनीवर टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. असं वारंवार झालं तर हा सराव घरी नको, समुपदेशकाबरोबरच.

महिन्याहून जास्त काळ हे चाललंय, म्हणून आघातानंतरच्या ताणविकाराची तपासणी करून घ्याच. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. नावाला लोक बिचकतात, पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॉक्टरांनी सर्ट्रालीनसारखं नैराश्य-चिंतेवरचं औषध दिलं तर त्याचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, मध्येच सोडू नये. ओळखीच्या केमिस्टकडून अल्प्राझोलाम ही शांत करणारी गोळी मात्र आणू नका, त्याची सवय लागते. आणि तपासणीच्या खोलीत निदान थोडा वेळ तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. आईसमोर ती "काही नाही, झोप लागत नाही" एवढंच सांगेल.