पुण्यात एलएलबी केलंय. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हावं की बॅरिस्टर?

तुम्ही लिहिलंय की सनद घेऊन दोन वर्षं झाली, पुण्यात सीनिअरकडे काम करताय आणि घरच्यांना तुम्ही बॅरिस्टर व्हावं असं वाटतंय. सॉलिसिटर म्हणजे मुख्यतः अशिलाला सल्ला देणारा आणि त्याचं काम सांभाळणारा वकील, बॅरिस्टर म्हणजे मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारा. माझं मत स्पष्ट आहे, सॉलिसिटर व्हा. मीही महाराष्ट्रात वकिली केली आणि मग याच वाटेने इथे सॉलिसिटर झाले.

घरच्यांची ओढ मला कळते. बाबासाहेब 1922 मध्ये ग्रेज इनमधून (इन म्हणजे लंडनमधली बॅरिस्टरांची संस्था) बॅरिस्टर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. तेव्हा तेवढं पुरत असे. आज बार कोर्स पास झालात, इनमधली 10 सत्रं पुरी केलीत, समारंभात नाव पुकारलं गेलं, तरी प्युपिलेज मिळाल्याशिवाय बॅरिस्टर म्हणून अशिलाच्या वतीने उभं राहता येत नाही. प्युपिलेज म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली 12 महिने, त्यातले पहिले सहा नुसते बघण्या-शिकण्याचे. या जागा उमेदवारांच्या मानाने फारच थोड्या आणि कोर्सची फी साधारण 15 हजार पौंड, काही ठिकाणी त्याहून जास्त. आपल्याकडची हुशार मुलं कर्ज काढून हा कोर्स करतात आणि नुसती पदवी घेऊन परततात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हाच मार्ग हवा असेल तर प्युपिलेज हातात आल्याशिवाय फी भरू नका.

सॉलिसिटरसाठी 2021 पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा आहे. इतरांना त्याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तुम्ही आधीच वकील असल्यामुळे तुम्हाला ती अट नाही, तेवढ्यासाठी तरी एआयबीई (ऑल इंडिया बार एक्झामिनेशन) आणि सनदेची कागदपत्रं चोख ठेवा. दोन्ही भागांची फी मिळून जवळजवळ 5000 पौंड, क्लास वेगळा. सहा वर्षांत तीनच प्रयत्न मिळतात.

पहिला भाग 360 बहुपर्यायी प्रश्नांचा, तो भारतातल्या केंद्रावरही देता येतो. निकाल साधारण निम्म्याच्या आसपास असतो, कधी त्याहूनही खाली. आपल्या वकिलांचा घात अज्ञानाने होत नाही, आपला कायदा पाठ असल्याने होतो. आपल्या करार कायद्यात मोबदला वचन घेणाऱ्याने किंवा दुसऱ्या कुणीही दिला तरी चालतो. इंग्लंडमध्ये तो वचन घेणाऱ्याकडूनच यावा लागतो. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे 1903 च्या मोहरीबीबी खटल्यापासून मुळातच रद्दबातल. तिथे गरजेच्या वस्तूंचा करार त्याच्यावर बंधनकारक ठरू शकतो. पाच पर्यायांत आपल्या सवयीचं उत्तर हमखास दिलेलं असतं आणि हात तिकडेच जातो. जमिनीचा कायदा आणि ट्रस्ट तर कोरी पाटी समजून पहिल्यापासून शिका.

दुसऱ्या भागात 12 लेखी आणि 4 तोंडी कामं असतात. तोंडी परीक्षेसाठी इकडे यावंच लागतं. त्यातली अशिलाची मुलाखत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दहा मिनिटं कागद वाचायचे, मग 25 मिनिटं समोर बसलेल्या नटाशी अशील समजून बोलायचं. मार्क तोच देतो, आणि ते कायद्याच्या ज्ञानाचे नसतात. त्याचं म्हणणं नीट ऐकलंत का, त्याला विश्वास वाटला का, हे तो बघतो. आपल्या चेंबरमध्ये अशील दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच आपण कलमं सांगायला लागतो. ती सवय मोडायला पुस्तक कामाचं नाही, मित्राला समोर बसवून रोज सराव करा. मुलाखत संपली की लगेच 25 मिनिटांत हाताने टिपण लिहायचं असतं, त्यामुळे हाताने लिहायचा सरावही सोडू नका. दांडगा अनुभव असेल तर या भागातून सूट मागता येते, पण दोन वर्षांवर मी ती गृहीत धरणार नाही.

कोर्टात उभं राहायची आवड असेल तर तीही मारावी लागत नाही. मॅजिस्ट्रेट आणि काउंटी कोर्टात सॉलिसिटर स्वतः उभे राहतात. वरच्या कोर्टांसाठी वेगळी पात्रता घ्यावी लागते.

परीक्षा पास झालं म्हणजे व्हिसा मिळाला असं मात्र नाही, त्यासाठी प्रायोजक फर्म लागते. म्हणून पहिला भाग पुण्यात नोकरी सांभाळून द्या आणि पास झाल्यावरच पुढचा खर्च करा. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही लागेल. देश सोडण्याआधी त्याची चौकशी करून ठेवा, परदेशातून त्याचा पाठपुरावा करणं अवघड जातं.