तळ्यातील ट्राउटसाठी फ्लाय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी घरीच फ्लाय (गळावर दोरा आणि पिसे बांधून केलेले नकली किडे) बांधतो आणि हिमाचलमधील तीर्थन नदीवर त्यांना ट्राउट मासे लागलेही आहेत. येत्या ऑगस्टमध्ये रीतसर परवाना घेऊन काश्मीरमधील विशनसर आणि गंगाबल या तळ्यांवर जाण्याचा विचार आहे. तिथे कोणते फ्लाय न्यावेत, त्यांचे साहित्य पुण्यात मिळेल का आणि एका लीडरवर (फेकायच्या दोरीच्या टोकाला जोडलेल्या बारीक धाग्यावर) तीन फ्लाय लावल्यास होणारा गुंता कसा टाळावा?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: नदीत ट्राउट बहुधा एका जागी दबा धरून बसतो आणि प्रवाह त्याच्यापर्यंत अन्न आणून देतो, तळ्यात मात्र अन्न जवळपास जागच्या जागी असते आणि मासा त्याच्या शोधात हिंडतो. म्हणून तळ्यावर फ्लायच्या रंगापेक्षा तो किती खोलीवर राहतो आणि तिथे किती वेळ टिकतो, याचा विचार आधी करावा. नदीसाठी बांधलेले, भरपूर पिसांचे फ्लाय पाण्यात हळू बुडतात आणि ओढल्यावर लगेच वर येतात, त्यामुळे ते बहुतेक घरीच ठेवलेत तरी चालेल.

तळ्यातील ट्राउटच्या आहारात कायरोनोमिड या न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या कीटकांचा वाटा मोठा असतो. यांची अळी तळाच्या गाळात राहते आणि कोषावस्थेत गेल्यावर सावकाश पृष्ठभागाकडे येते. या प्रवासात तिला पळून जाता येत नसल्यामुळे मासे तिच्यावर ताव मारतात. या कोषाची नक्कल करणाऱ्या फ्लायला बझर म्हणतात आणि तुम्ही सर्वाधिक संख्येने तोच बांधावा, असे माझे मत आहे.

बझरसाठी 12 किंवा 14 क्रमांकाचा वक्र गळ घ्यावा. काळ्या बारीक दोऱ्याचा एकच सपाट थर गळाच्या वळणापर्यंत न्यावा आणि त्यावर तांब्याच्या तारेचे पाच-सहा विरळ वेढे द्यावेत. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. 38 गेजची पुरेशी बारीक असते. गळाच्या डोळ्याच्या (धागा ओवायच्या छिद्राच्या) मागे दोऱ्याचाच लहानसा फुगवटा करून त्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी रेशमाचा एकेक धागा बसवावा. रेशीम तुळशीबागेत भरतकामाच्या साहित्यात सहज सापडेल. शेवटी पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्यावेत, मात्र पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. देह सडपातळ आणि गुळगुळीत असला तरच हा फ्लाय झटपट बुडतो, आणि नवखे बांधणारे नेमके इथेच दोऱ्याचे थरावर थर चढवतात.

जोडीला गळून पडलेल्या मोरपिसाच्या तंतूंचा देह असलेले काही फ्लाय बांधावेत. हे तंतू नाजूक असल्यामुळे माशाच्या दातांनी तुटतात; त्यांच्यावरून उलट्या दिशेने तार गुंडाळल्यास ते टिकतात. शेपटीसाठी आणि गळ्याखालच्या केसांसाठी गावठी कोंबडीची मऊ पिसे उत्तम. ती साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावीत, नाही तर पावसाळ्यात त्यांना कसर लागते.

आता गुंत्याविषयी. परवान्याच्या अटींमध्ये एका वेळी किती फ्लाय चालतात, हे आधी पाहून घ्यावे. तीन चालत असतील तरी सुरुवात दोनांनीच करा. लीडर साधारण चार मीटरचा, फ्लुरोकार्बनचा असावा, कारण तो नायलॉनपेक्षा लवकर बुडतो. फ्लायमध्ये किमान सव्वा मीटर अंतर ठेवावे आणि ड्रॉपर, म्हणजे वरचा फ्लाय लावण्यासाठी लीडरमधून फुटणारा आखूड धागा, 15 सेंटिमीटरच्या आसपास असावा. त्याहून लांब ड्रॉपर लीडरभोवती हमखास वळसे घेतो. ड्रॉपरसाठी लीडरचे दोन तुकडे समांतर धरून सैल फासा करावा, त्यातून दोन्ही टोके तीनदा ओवावीत, गाठ थुंकीने ओली करावी आणि मगच आवळावी. वरच्या तुकड्याचे जे टोक खाली वळते, तेच ड्रॉपर म्हणून ठेवावे, म्हणजे मासा ओढू लागला तरी ताण थेट वरच्या दोरीवर जातो. वर वळलेले टोक गाठीजवळ कापून टाकावे.

सर्वांत जड फ्लाय नेहमी शेवटच्या टोकाला असावा. हलका फ्लाय टोकाला आणि जड वर अशी रचना केली, तर फेकताना लीडर सरळ उलगडत नाही आणि मग गाठीला दोष देण्यात अर्थ नसतो. फेकही घाईची नको: मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडू द्यावी आणि वळण रुंद ठेवावे. वारा एका बाजूने येत असेल तर त्याला आडवे फेकून दोरी वाऱ्याबरोबर हळूहळू वाहू द्यावी. ती बोटांनी इंच-इंच गोळा करावी, एवढी हालचाल बझरला पुरते.

प्रश्न: याच फ्लायचा सराव खडकवासल्याला करता येईल का?
(एक वाचक, धायरी)

उत्तर: ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे आणि आपल्याकडच्या धरणांचे पाणी त्याला मानवणारे नाही, त्यामुळे ट्राउट तिथे मिळणार नाही. धरणातील मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने दिलेले असतात, म्हणून दुसऱ्या माशांसाठीही परवानगीशिवाय गळ टाकू नये. फेकीच्या सरावाला पाणी लागतच नाही. गळाचे टोक पक्कडीने तोडून लीडरवर दोन फ्लाय लावावेत आणि सकाळी मोकळ्या मैदानात, शक्यतो वारा सुटलेला असताना, गवतावर फेकावे.