दुबईत आपलं देऊळ आहे का, असं विचारलंस म्हणून

भावा, तू लिहिलंस की दुबईच्या डेरा भागात सोनं गाळायचं काम मिळतंय, बायको-मुलीला घेऊन यावं का, आणि तिथं आपलं देऊळ आहे का. पगार, व्हिसा, घरभाडं यावर मी काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे. देवळाचं मात्र लिहितो. 2006 साली विट्याहून निघालो तेव्हा आईनं मला हा एकच प्रश्न विचारला होता. मी फोनवर "आहे" म्हणालो आणि ती निर्धास्त झाली. त्यापुढचं तिला कधी सांगितलं नाही.

देऊळ आहे, हे खरं. दुबईच्या 'बर दुबई' नावाच्या जुन्या भागात, खाडीच्या अंगाला, मोठ्या मशिदीला लागून एक चिंचोळा बोळ आहे. हार, नारळ, उदबत्त्या, कुंकू यांची दुकानं. तिथं वखारीसारख्या जुन्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर 1958 साली देव बसले, महादेव आणि श्रीकृष्ण. दुबईचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी तशी परवानगी दिली होती. संयुक्त अरब अमिराती हा देश झाला 1971 साली, म्हणजे देऊळ देशापेक्षा 13 वर्षांनी मोठं. त्या वेळी इथल्या बाजारात आपला रुपयाच चालायचा. बाहेरून कळस दिसत नाही, शिखर नाही. नवखा माणूस दारावरून पुढं निघून जाईल.

हे देऊळ उभं केलं सिंधी लोकांनी. सिंधमधल्या थट्टा गावाकडून मोत्यांच्या, कापडाच्या व्यापाराला आलेली ही घराणी. 1947 ला त्यांचा मुलूखच सरहद्दीपलीकडं गेला. पुढं अकरा वर्षांनी हे देऊळ. हे मला बऱ्याच उशिरा समजलं. मी वर्षानुवर्षं तिथं हात जोडून आपल्या सांगलीकडच्या खरसुंडीच्या सिद्धनाथाला आठवत होतो, जिथं तिकीट काढलं की मी पोचतो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला ती सोय नव्हती. आपण गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, केरळपासून बंगालपर्यंत गेलो, पण यात्रेला गाव असतंच आपल्याला. त्यांनी देवासकट सगळं नव्यानं मांडलं आणि माझ्यासारख्याला कोण, कुठला, असं एकदाही विचारलं नाही. त्यांचे उपकार मी मानतो.

भट्टी बंद झाली की अब्र्यात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसायचो, एक दिरहम. हाताला तेजाबाचा वास तसाच. दहा मिनिटं वर देवळात बसलं की पुढचा आठवडा निघायचा. खरी गर्दी सोमवारी नाही, शुक्रवारी, कारण 2022 पर्यंत इथं सुट्टी शुक्रवारची होती. करमेल का, असंही विचारलंस. करमत नाही. त्याला उपाय नाही, कामाला लागायचं.

आता कागदांचं, कारण माझी चार वर्षं तिथंच गेली. लग्नाच्या दाखल्यावर बायकोचं नाव माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आणि इंग्रजीत एक 'ए' जास्त. दाखल्याला मुंबईत राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि इथं आल्यावर पुन्हा एक. प्रत्येक खिडकीवर तोच 'ए' निघायचा. दुरुस्ती करून आणली, तर पासपोर्टची मुदत संपत आलेली. निघायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळव.

आणि मुलीची शाळा. हे मात्र अजून टोचतं. आपल्याकडं वर्ष जूनला सुरू होतं, इथल्या भारतीय शाळांत एप्रिलला. 2010 साली मी तिला ऑगस्टात आणलं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्के नव्हते. एका शाळेनं तिला एक वर्ग मागं बसवलं. विट्यात ती पहिल्या बाकावर बसायची. मी मान हलवून सही केली, भांडलो नाही, जागा जाईल म्हणून. अरबी सक्तीची, दुसरी भाषा हिंदी, मराठी तिथं नव्हतीच. घरी शिकवू म्हणालो, आणि डबल ड्यूटी करत राहिलो. आज ती दुकानाची अरबी पाटी सहज वाचते. आजीची चिठ्ठी मी वाचून दाखवतो.

चैत्रात तिला खरसुंडीला नेलं. पालखी आली, गुलाल उधळला, "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं" झालं, आणि ती लांब भिंतीला टेकून उभी. मला राग आला होता, तेव्हा बोललोही.

मग दुबईच्याच जेबेल अली भागात नवं मंदिर झालं. 2022 च्या दसऱ्याला उघडलं, 16 देव, वर घुमटात मोठं गुलाबी कमळ, बाजूला गुरुद्वारा आणि चर्च. सुंदर आहे, ऐसपैस आहे. जानेवारी 2024 मध्ये बोळातले महादेवही तिकडं गेले. जुन्या जागेत महाशिवरात्रीची रांग मावत नव्हती, त्यामुळं ते योग्यच झालं. पण पोरगी त्या रात्री जेवली नाही. चपला ठेवायची फळी, जिन्याची गुळगुळीत पायरी, हार देणाऱ्या मावशी, हे तिचं लहानपण. तिच्या पायाखालची यात्रा तो बोळ होता, आणि मी तिला खरसुंडीत गुलालात उभं राहत नाही म्हणून रागावलो होतो. हे मी तिला अजून बोललेलो नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

श्रीकृष्ण अजून बोळातच आहेत. आलास की नेतो.

मुलगी कितवीत आहे, ते लिहिलं नाहीस. आधी ते कळव, आणि तिला मराठी लिहिता येतं का, तेही.