सायकलचा कट्टा : एकावर एक तीन सिंहगड

प्रश्न : वय ४६. सहा वर्षं रोड बाइक चालवतोय. गोळेवाडीपासून सिंहगड ५५ मिनिटांत चढतो. मुलगी म्युनिकला शिकते, सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. तिथून इटलीतल्या स्टेल्वियो नॅशनल पार्कमधली घाटाची फेरी एका दिवसात करायचं डोक्यात आहे : प्राटो गावातून स्टेल्वियो खिंड, मग उम्ब्राइल खिंडीने स्वित्झर्लंडमध्ये उतरून पुन्हा प्राटो. सिंहगडाच्या हिशोबाने चढाला अडीच तास धरलेत. सायकल भाड्याने घेईन. जमेल ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमेल. अडीच तासांत नाही जमणार.

तुम्ही किलोमीटरचा भागाकार केलात. सिंहगड नऊ किलोमीटर, स्टेल्वियो २४.३, म्हणून अडीच तास. घाटात भागाकार उंचीचा करायचा. सिंहगडाला पायथ्यापासून साधारण सहाशे मीटर चढता. प्राटो आहे ९१५ मीटरवर आणि खिंड २७५७ वर, म्हणजे १८४२ मीटर. एकावर एक तीन सिंहगड रचा, आणि मध्ये कुठेही पिठलं-भाकरीला थांबू नका. तुमच्याच वेगाने पावणेतीन तास झाले. शिवाय वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर-बहात्तर टक्केच उरतो, तो आपला हिस्सा कापून घेतो. साडेतीन तास धरा. मला तीन तास पन्नास मिनिटं लागली होती (२०१८, तेव्हा मी ५१ वर्षांची), आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनियरने बांधला. तेव्हा मिलान ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं आणि त्यांना तिथे आल्प्स ओलांडून जायची वाट हवी होती. घोडागाड्यांसाठी आखलेला रस्ता, त्यामुळे सरासरी चढ साधारण साडेसात टक्के. कुठे एकदम अंगावर येत नाही, पण कुठे सोडतही नाही. आपल्या घाटात एखादा सपाट तुकडा मिळतो, दोन घोट पाणी पिता येतं. इथे पाणी प्यायचं ते चढतानाच.

या बाजूला ४८ वळणं, प्रत्येकाला आकड्याची पाटी, आणि आकडे वर जाताना उलटे उतरतात. गंमत अशी की सुरुवातीला पाटी लागतच नाही. गोमागोई गावापर्यंत नदीच्या काठाने साडेतीनशे मीटर चढून होतात, आणि माणूस विचारत राहतो की ती प्रसिद्ध वळणं आहेत कुठे. इथेच लोक जास्त जोर लावून बसतात. पुढे ट्राफोई, १५४० मीटर. तिथून जरा वर गेलात की तुम्ही कळसूबाईच्या उंचीला आलात. अजून अकराशे मीटर बाकी. हे आधी माहीत असलेलं बरं.

खरी परीक्षा २२ नंबरच्या वळणावर आहे. फ्रान्झन्सहोए नावाची जागा, २१८८ मीटर. झाडं मागे राहिलेली असतात, आणि समोर उरलेली सगळी वळणं एकाच भिंतीवर दिसतात, शिवणीच्या टाक्यांसारखी. वरच्या टोकाला मोटारी मुंगीएवढ्या. मी तिथे उतरले, कठड्याला सायकल टेकवली आणि निम्मी चिक्की खाल्ली. कुठूनतरी शिट्टी आली. वाटलं कोणी मला हटकतंय. तो मार्मोट होता, मांजराएवढा गुबगुबीत प्राणी, धोका दिसला की शिट्टी मारतो. हे राष्ट्रीय उद्यान १९३५ पासूनचं. डावीकडे ३९०५ मीटरचा ऑर्टलर आणि त्याच्या हिमनद्या. त्यामुळे एनर्जी जेलची रिकामी पाकिटं जर्सीच्या खिशातच ठेवा, ही सूचना आहे, विनंती नाही.

आता सायकल. माझी चूक सांगते. दुकानाला मी फक्त उंची कळवली होती. हातात आली पुढे ५२ आणि ३६ दातांच्या चकत्या, आणि मागे जास्तीत जास्त २८ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच). दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात. सगळे म्हणजे कोण ते त्याने सांगितलं नाही. ताशी आठ किलोमीटरला त्या गिअरवर पायडल मिनिटाला पन्नासही फिरत नाही. मग चढतात ते गुडघे, फुप्फुसं नाहीत. तुम्ही लेखी कळवा : पुढे ५०-३४, मागे ३४. त्याच वेगाला साठ-पासष्टचा केडन्स (पायडलचे मिनिटाला फेरे) मिळतो आणि तीन तास निभावतात. पुरुषमंडळी मोठ्या कॅसेटला नाकं मुरडतात. मुरडू देत.

सरावाला एका दिवसात तीनदा सिंहगड करू नका. प्रत्येक वेळी उतरताना पाय विश्रांती घेतात आणि आपली फसगत होते. त्यापेक्षा वाईहून पसरणी घाटाने निघून थेट महाबळेश्वर गाठा, पाचगणीत पाय न टेकता. शंभर टक्के तसं नाही, पण सलग बसून राहायची सवय लागते.

सकाळी सातला प्राटो सोडा. दहानंतर मोटरसायकलींचे थवे येतात आणि आवाजाने डोकं उठतं. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एक दिवस बहुधा सायकलींसाठी घाट बंद ठेवतात. तारीख जुळली तर सोडू नका. फेरी साधारण साठ किलोमीटरची आहे, आणि मधला तुकडा स्वित्झर्लंडमधला : शेंगेन व्हिसा चालतो, पासपोर्ट जवळ ठेवा, युरोपियन युनियनचं सिम तिथे चालेल का ते आधी बघा. मुलीला चिंता नको.

प्रश्न : चढ मी ओढूनताणून करते, पण उतारावर हातपाय गळतात. नवरा म्हणतो ब्रेक सोडून दे. अशा लांब उतारावर काय करायचं?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : नवऱ्याचं ऐकू नका. निदान या बाबतीत.

वरच्याच फेरीचं उदाहरण घेऊ, म्हणजे कोथरूडकरांचंही काम होईल. स्टेल्वियोवरून बोर्मियोच्या दिशेने थोडं उतरलं की २५०१ मीटरवर उम्ब्राइल खिंड, आणि तिथून सांता मारिया गावापर्यंत १३.४ किलोमीटरचा उतार, सरासरी ८.४ टक्के. चढापेक्षा तो मला अवघड गेला, आणि कारण थंडी. वर पोचले तेव्हा अंग घामाने भिजलेलं, आणि पायथ्याच्या मानाने हवा बारा अंशांनी गार. पातळ विंडचीटर होता, पूर्ण बोटांचे हातमोजे नव्हते. सॉसेजच्या गाडीवाल्याला खुणेने वर्तमानपत्र मागितलं. त्याने जुना जर्मन अंक घडी करून दिला, तो मी जर्सीच्या आत पोटाशी खुपसला. शर्यतवाल्यांची ही जुनी युक्ती, आणि ती खरंच चालते. पण बोटांना वर्तमानपत्र कुठून आणणार? उम्ब्राइलला थांबले तर विंडचीटरची चेन ओढता येईना, एका अनोळखी बाईंनी ओढून दिली. गार बोटांनी ब्रेक मोजून दाबता येत नाही, आणि भीतीचं मूळ बरेचदा तिथेच असतं. २०१४ च्या जिरो द'इतालिया या इटलीतल्या मोठ्या सायकल शर्यतीत स्टेल्वियोवर बर्फ पडत होता, तर व्यावसायिक खेळाडूही वर थांबून कपडे चढवत होते. उतार तटस्थ धरायचा, म्हणजे तेवढ्यापुरती शर्यत थांबवायची, की नाही यावर गोंधळ झाला, आणि नायरो किंताना पुढे निघून गेला. पुढे जिरोही त्यानेच जिंकली.

तेव्हा आधी हातमोजे. मग ब्रेक : सतत धरून ठेवू नका, रिम किंवा डिस्क तापते आणि तळहात दुखायला लागतात. सरळ तुकड्यावर, वळणाच्या आधी, दोन्ही ब्रेक एकदम दाबा, वेग हवा तेवढा उतरवा, मग सोडा आणि वळा. वळणाच्या पोटात ब्रेक दाबायची वेळ आली तर समजा आधी कमी दाबलात. नजर चाकासमोर नाही, जिथे बाहेर पडायचंय तिथे.

आणि परदेशात सायकल घेतलीत तर दुकानाच्या अंगणातच दोन्ही ब्रेक तपासा. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिकडे बहुतेक डाव्या. शिवाय रहदारी उजवीकडून, म्हणजे उजवं वळण आतलं आणि आवळ. घाटात मी दोनदा चुकीचा हात दाबला. वेग कमी होता म्हणून आज इथे लिहितेय.

प्रश्न : तिकडे शाकाहारी माणसाने सायकल चालवताना खायचं काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खिंडीवर सॉसेजचाच दरवळ असतो, पण चीज घातलेला पाव मागितला तर मिळतो. चिक्की आणि खजूर घरून न्या; चिक्की वितळत नाही. राजगिऱ्याचा लाडू मात्र नेऊ नका, खिशात त्याचा भुगा होतो. बाकी ही दरी सफरचंदांची आहे. खाली ग्लोरेन्झा नावाचं चारी बाजूंनी तटबंदी असलेलं एवढंसं गाव लागतं, तिथे सफरचंदाचा स्ट्रूडेल खा. दोन खाल्लेत तरी चालतील. मी तीन खाल्ले, आणि तिसरा प्राटोपर्यंत सगळा रस्ता माझ्याशी बोलत होता.